मागच्या दाराची हँडलं

१

सोलापुरात दुपारी दुकानं बंद ठेवायची पद्धत आहे. बाहेरगावचे लोक त्यावर हसतात. त्यांनी एकदा एप्रिलमध्ये भर दुपारी शुक्रवार पेठेतून चालून दाखवावं. माझं औषधांचं दुकानही त्या वेळी बंद असतं. बाकीचे जेवून आडवे होतात. मी मात्र दोन वर्षं ती वेळ एका जुन्या गाडीखाली काढली.

गाडी प्रीमियर पद्मिनी, शहाऐंशी सालची. वैरागच्या रामहरी नावाच्या माणसाकडून घेतली होती. सोयाबीनच्या पोत्यांमागे ताडपत्री टाकून ठेवलेली, तोंड भिंतीकडे. आमच्या घरामागं पूर्वी चादरींचे लूम चालायचे ती शेड रिकामीच होती. जमिनीवर तेलाचे डाग तेवढे उरले होते. तिथं ती आणून लावली. आधी गंज खरवडला. मग तळाचा पत्रा बदलला. कार्ब्युरेटर इतक्या वेळा उघडला, की त्याचे तुकडे मला माझ्या दागिन्यांपेक्षा ओळखीचे झाले. जे जमत नव्हतं ते विजापूर रोडचा कासीमभाई करून द्यायचा. डेंटिंग-पेंटिंगचं त्याचं गॅरेज आहे. माणूस बडबड्या, पण हात साफ. मूळचा मळकट पांढरा रंग काढून मी गर्द हिरवा लावून घेतला, आणि सीटला कव्हरं शिवली ती सोलापुरी चादरीची, मोराच्या नक्षीची. कासीमभाई म्हणाला, "भाभी, गाडी आहे का पलंग?" पण त्यालाही आवडली होती.

माझे यजमान जोतीराम साखर कारखान्यात होते, आता निवृत्त. त्यांना गाडीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. दुपारी ताकाचा ग्लास आणून द्यायचे, शेडच्या दारात दोन मिनिटं उभं राहून "लई गरम होतंय की गं वैजू हितं" म्हणायचे आणि जायचे. घरात आम्ही दोघंच. मुलगा आणि सून पुण्याला.

गाडी घेतली तेव्हा मागच्या दोन्ही दारांना आतून उघडायची हँडलं नव्हती. नुसती भोकं. जुन्या गाडीत असं काही ना काही नसतंच. कासीमभाईनं कुठून तरी एक जोडी मिळवून दिली, मी ती स्वतः बसवली, आतून दोन-चार वेळा दार उघडून बघितलं. छान खटका पडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर दोन्ही हँडलं काढलेली होती.

२

तुटली असती किंवा निखळून खाली पडली असती तर मी विसरूनही गेले असते. ती काढलेली होती. मागच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवलेली, आणि प्रत्येकाचा स्क्रू त्याच्या समोर उभा करून ठेवलेला.

मला पहिल्यांदा हसू आलं. वाटलं, जोतीराम. त्यांना गाडीचा राग नव्हता, पण अलीकडे एक-दोनदा बोलले होते, "दुकान, घर, आणि उरलेली सगळी वेळ त्या डबड्याला." माणूस चिडला की सरळ बोलत नाही, असली काहीतरी खोडी काढतो. मी हँडलं परत लावली.

दोन दिवसांनी परत तेच. तसेच ठेवलेले स्क्रू.

मी संध्याकाळी भाकरी वाढताना म्हटलं, "अहो, शेडमध्ये गेला होता का?"

"मी कशाला जाऊ?" ते म्हणाले. ताटातून वर बघितलं नाही. मग म्हणाले, "का गं?"

त्या "का गं" मध्ये मला काहीतरी दिसलं. दुकानात रोज माणसं येतात, खोकल्याचं औषध मागतात आणि नजर दुसरीकडे ठेवतात. कुणाला ते नशेसाठी प्यायला हवंय आणि कुणाला खरंच खोकला आहे ते मला कळतं. जोतीरामांना माझ्यापासून काहीतरी लपवायचं होतं.

मी "काही नाही" म्हटलं. हँडलं परत लावली, स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कुणी स्क्रू फिरवला तर रंग मोडेल. पुढच्या वेळी हँडलं निघाली तेव्हा मी ठिपके बघितले. ते मोडलेले होते, पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पडतो तसा ओरखडा कुठंच नव्हता. रंग चिमटीत धरून पिळल्यासारखा पसरला होता.

म्हणजे स्क्रूड्रायव्हर न वापरता, बोटांनी. मी ते स्क्रू आवळताना मनगटाचा जोर लावला होता. मग मला आठवलं, जोतीरामांनी कारखान्यात तीस वर्षं काम केलंय, बोटं मजबूत असणारच. ते तिथं हिशेबाच्या टेबलावर बसायचे ही गोष्ट मी त्या क्षणी सोयीनं बाजूला ठेवली.

३

त्या आठवड्यात जोतीराम करमाळ्याला गेले. तिथं त्यांची बहीण असते, केराबाई. सकाळच्या एसटीनं गेले, संध्याकाळी परत येणार होते.

दुपारी मी दुकान बंद करून आले आणि वाळवण उचलायला गच्चीवर गेले. गच्चीवरून शेडची वरची खिडकी दिसते, आणि खिडकीतून गाडीचा मागचा भाग. ऊन सरळ आत पडलं होतं. गाडीत मागच्या सीटवर जोतीराम बसले होते.

पाठमोरे. पांढरा हाफ शर्ट, मानेवरचे कापलेले केस, उजवा खांदा जरासा खाली, तो त्यांचा कायम असतो. दाराकडे वाकून त्यांचे हात सावकाश काहीतरी करत होते. घाई अजिबात नव्हती. आपण शेंगा सोलतो तसे.

मला राग आला. भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगते. मी तावातावानं जिना उतरले, घर ओलांडून शेडला गेले. गाडीत कोणी नव्हतं. हँडलं सीटवर होती.

संध्याकाळी ते आले तेव्हा केराबाईनं दिलेल्या चिंचेची पिशवी हातात होती. मी विचारलं, "दुपारी कुठं होता?"

"करमाळ्यात. आणि कुटं?"

 ते आंघोळीला गेल्यावर मी केराबाईला फोन लावला. ती म्हणाली, "व्हय की वैनी, दादा हितंच होता. जेवला, झोपला, चारच्या गाडीला बसवून दिला." मी फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर बहीण-भाऊ दोघं मिळून मला फसवतायत. नवऱ्यासाठी बहीण खोटं बोलतेच. एवढं सोपं उत्तर हातात असताना माणूस दुसरं कशाला शोधेल?

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं कमी झालं. ते माझ्याकडे बघायचे. मी मान वळवली की नजर काढून घ्यायचे. दुकानात बसल्यावरही मला वाटायचं, घरी ते काय करत असतील?

४

शेवटी त्यांनीच तोंड उघडलं. दुपारचं जेवण झालं होतं. मी शेडची किल्ली घेतली तसे ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"वैजू, एक विचारू? चिडू नको."

"विचारा."

"तू ती हँडलं सारखी कशाला काढतीस?"

मला वाटलं, काय हा निगरगट्टपणा. "मी? मी काढते? मी लावते. काढता तुम्ही."

"मी लावतो," ते म्हणाले. "तू दुकानात गेलीस की मी जाऊन लावतो. म्हटलं बाईच्या डोक्यात काय चाललंय कोण जाणे, कोणाला सांगायचं? गुपचूप लावून टाकायचं."

 मी सकाळी बघायला जायचे नाही, ते दुपारी दारातूनच परतायचे. म्हणजे हँडलं मला वाटत होती त्याच्या दुप्पट वेळा निघत होती.

"माझ्यावरच संशय का आला तुम्हाला?" मी विचारलं.

"संशय नव्हं," जोतीराम म्हणाले. आवाज एकदम खाली आला. "मी बघितलंय तुला. गेल्या सोमवारी. मागच्या सीटवर बसून काढत होतीस. तुझी ती चॉकलेटी साडी. मी हाक मारली तर हात थांबले, पण तू वळली न्हाईस."

"किती वाजता?"

"सकाळी. दुकान उघडून तासभर झाला असंल."

सोमवारी सकाळी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चॉकलेटी साडी मी नेसले होते, हे खरं. दुकानात, काउंटरच्या मागं.

मी त्यांना गच्चीवरून बघितलं ते सांगितलं. ते खाली बसले. पण माझ्या मनातला एक कोपरा अजून म्हणत होता, हुशार आहेत, माझीच गोष्ट माझ्यावर उलटवतायत. त्यांच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा कळलं की त्यांच्याही मनात नेमकं तेच चाललंय.

५

मी वैरागला रामहरीला फोन केला. फोन स्पीकरवर ठेवला, जोतीराम शेजारी.

"रामहरी, गाडीच्या मागच्या दारांची हँडलं तुम्ही काढली होती का?"

"न्हाय ताई. आमी लावत होतो. ऱ्हात न्हवती."

"कोण काढायचं?"

रामहरीनं उलट विचारलं.

"ताई, तुमी घरात किती जण हाय?"

"आम्ही दोघं."

"मग दोघं एकमेकांच्या नजरंसमोर ऱ्हावा," तो म्हणाला. "आमचं घर मोठं हुतं, आमाला न्हाय जमलं." आणि फोन बंद झाला. नंतर लावला तर लागला नाही.

"गावाकडचा माणूस, काहीतरी डोक्यात घेतलं असंल," जोतीराम म्हणाले. मी हो म्हटलं. तरी त्याच संध्याकाळी शेडला नवं कुलूप लावलं, आणि त्याच्या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला ठेवल्या. तसं करावं लागलं ते मला आवडलं नाही हे त्यांना दिसलं, आणि त्यांना आवडलं नाही हे मला.

कुलपानं काही फरक पडला नाही.

आता कोणी म्हणेल, तेव्हाच गाडी का नाही काढून टाकली? एकच काम उरलं होतं. मागच्या सीटचा खालचा भाग क्लिपांनी बसवायचा होता, तेवढं झालं की गाडी पूर्ण. दोन वर्षं घातलेली वस्तू माणूस एका दुपारसाठी सोडत नाही. आणि खरं सांगायचं तर दिवसाढवळ्या, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं रंगवलेल्या गाडीला घाबरायचं मला पटत नव्हतं.

६

ठरलं असं होतं की मी काम करेन आणि जोतीराम दारात खुर्ची टाकून बसतील. ते बसलेही. मी मागची दोन्ही दारं सताड उघडली, एकेका दाराला वीट लावली, आणि आत पालथी पडून सीटखालच्या क्लिपा बसवायला लागले. घाम डोळ्यांत जात होता. थोड्या वेळानं जोतीराम म्हणाले, "ताक आणतो गं. दोन मिनिटं."

"आणा," मी म्हटलं. मीच म्हटलं.

त्यांच्या चपलांचा आवाज घराकडे गेला. मग उजवीकडचं दार लागलं. आपटलं नाही. घरात कोणी झोपलं असेल तर आपण कडी न वाजवता दार ओढून घेतो, तसं. मग डावीकडचं.

"अहो?" मी म्हटलं. "हवा येऊ द्या की."

पुढच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. सीट मीच बांधली होती. त्या आवाजाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. कोणीतरी चालकाच्या जागी बसलं, मग जरा सरकून नीट बसलं. मी गाडीच्या तळाला गाल लावून पुढच्या सीटखालच्या फटीतून बघितलं. तिथं पाय नव्हते. क्लच, ब्रेक आणि रबरी मॅट दिसत होती.

मी उठायला गेले तर डोकं दाराला लागलं. हात सवयीनं हँडलकडे गेला. ते नव्हतं. तासाभरापूर्वी मी ते तिथं बघितलं होतं. काच खाली करायला गेले, ती चार बोटं उतरून अडकली. गाडीत भट्टी झाली होती, नव्या रंगाचा वास नाकात भरला. कशीबशी गुडघ्यावर आले आणि पुढच्या सीटवरून बघितलं.

सीट रिकामी होती. फक्त मोराची नक्षी मध्यभागी खोल दबलेली.

समोरच्या काचेतून शेडचं दार दिसत होतं. जोतीराम हातात दोन ग्लास घेऊन उभे होते. आणि ते हसत होते. चालकाच्या जागेकडे बघून, बायकोशी बोलतात तसं, काहीतरी बोलत होते. ग्लास जरा वर करून दाखवला. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली.

मी मागच्या दाराच्या काचेवर दोन्ही हात आपटले. "अहो! मी इथं आहे! मागं!"

त्यांची नजर माझ्याकडे आली. मग परत पुढच्या सीटकडे गेली. परत माझ्याकडे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. ग्लास खाली पडून फुटले. मला वाटलं, आता हे पळून जाणार. आणि त्यांनी एक पाऊल मागं टाकलंही. मग डोळे मिटून घेतले, भिंतीला हात लावत लावत गाडीला वळसा घालून आले, आणि बाहेरून दार उघडून मला दंडाला धरून ओढलं.

अंगणात आल्यावर मी विचारलं, "काय दिसलं?"

"तूच," ते म्हणाले. "स्टीअरिंगवर हात ठेवून बसलेली. मी म्हटलं, झालं का काम? तर तू हसलीस."



७

गाडी भंगारात द्यायची ठरली. बॅटरी मी काढून ठेवली, पेट्रोल काढलं. कासीमभाईला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, आता हौस फिटली. तो हळहळला. "भाभी, इतकी मेहनत करून?" सकाळी तो त्याचं पिकअप घेऊन आला, त्यानं आणि जोतीरामांनी गाडी ढकलत गल्लीत काढली, दोर बांधला. "स्टीअरिंगला माझा माणूस येतोय कोपऱ्यावरून," कासीमभाई म्हणाला. "तोवर काही सामान राहिलंय का बघा."

आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. त्या दिवसांत आम्ही पाणी प्यायलाही बरोबरच जात होतो. जुने दिवे आणि बंपरचे तुकडे पोत्यात भरत होतो तेवढ्यात पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर धावलो. कासीमभाईचा माणूस गल्लीच्या तोंडाशी बावळटासारखा उभा होता. आमची हिरवी गाडी पिकअपमागं चालली होती. वळणाशी पोचली, आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागले. बॅटरी नसलेल्या गाडीचे. गाडी अलगद वळली, भिंतीला न घासता, सराईत हातानं वळवावी तशी.

"मला भाई म्हणाले, तू नको, दादा बसलेत," तो माणूस म्हणाला. मग त्यानं जोतीरामांकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला.

मी फोन लावत राहिले. कासीमभाई चालवताना फोन उचलत नाही. बऱ्याच वेळानं त्याचाच आला.

"भाभी, पोचलो. पण दादा उतरनात की. काचा बंद करून नुसते बसलेत. तब्येत बरी आहे ना त्यांची? मी काढू का बाहेर?"

"कासीमभाई," मी म्हटलं, "दादा माझ्याजवळ उभे आहेत." आणि फोन जोतीरामांच्या तोंडाशी धरला.

"कासीम," ते म्हणाले. "मी घरी हाय. तू दार उघडू नको."

 पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज आले. मग खडीवरून कोणीतरी धावल्याचा.

८

कासीमभाई सुखरूप आहे. बरेच दिवस दुकानाकडे फिरकला नाही. मग एकदा बायकोचं, शगुफ्ताचं, औषध न्यायला आला तेव्हा म्हणाला, "गाडी कापणारे आले तेव्हा आत कोणी नव्हतं, भाभी. दिवसाचा उजेड होता, तरी मी लांबच उभा होतो." गाडी त्याच्यासमोर कापली. चादरीची कव्हरं मात्र कोणीतरी आधीच काढून नेली होती म्हणे.

मी परत दुपारची झोपायला लागले. जोतीरामांवर मी किती संशय घेतला ते सगळं त्यांच्यासमोर बोलून टाकलं. ते म्हणाले, "जाऊ दे की. मी बी घेतलाच."

माझ्या मनातून तो गेला. त्यांचं काय, मला ठाऊक नाही. काल मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. ते बाहेरून आले, दारात थांबले, माझ्या पाठीकडे बघत उभे राहिले. मला ते जाणवत होतं. मी वळणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "वैजू?"

"काय?" मी म्हटलं.

ते लगेच आत आले नाहीत. माझा आवाज नक्की कुठून आला, समोरून की वरून, ते ऐकत, जिन्याकडे तोंड करून, तसेच उभे राहिले.